स्वीट रिकामी दिसते, मग मिळत का नाही?

सोलापुरातल्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'हॉटेलांची एलिट मेंबरशिप ही शुद्ध फसवणूक. ॲपवर स्वीट रिकामी दिसते, काउंटरवाला नाही म्हणतो आणि ओळखीच्याला देतो. त्यापेक्षा स्वस्त साइटवरून बुक करा, फायदे तेच. वर अपग्रेड मिळालं तर जीएसटीही वाढतो.'

एलिट मेंबरशिप म्हणजे एकाच हॉटेल साखळीत वर्षभर बऱ्याच रात्री राहणाऱ्याला मिळणारा दर्जा; अपग्रेड म्हणजे बुक केलेल्यापेक्षा वरची खोली. आधी रिकाम्या स्वीटचं, म्हणजे बैठक असलेल्या मोठ्या खोलीचं, बघू. युनिफॉर्मचे नमुने घेऊन तुम्ही हैदराबादला तीन रात्री उतरणार आणि ॲपवर फक्त आजची रात्र बघणार. मॅरियट साखळीच्या नियमात अपग्रेड पूर्ण मुक्कामासाठी असतं. तिसऱ्या रात्री ती स्वीट विकलेली असेल, तर आज रिकामी असूनही तुमच्या नावावर चढत नाही. म्हणून शोधताना आपल्या तिन्ही तारखा एकत्र टाका. शिवाय मेंबरशिपची पायरी बघा: वर्षाला २५ रात्रींच्या गोल्डला जरा बरी खोली मिळते, स्वीट नाही. स्वीट ५० रात्रींच्या प्लॅटिनमपासून, तीही शिल्लक असेल तरच. आणि तीन खोल्या घेतल्या तरी अपग्रेड फक्त मेंबरच्या स्वतःच्या खोलीला.

ओळखीचा आरोप अर्धा खरा आहे. हिल्टन साखळीत मुक्कामाच्या ७२ तास आधीपासून सिस्टीमच अपग्रेड देऊ शकते. पण जिथे माणूस यादी बघून खोल्या लावतो, तिथे मर्जी शिरतेच. त्यात बहुतेक हॉटेलांचा मालक ब्रँडपेक्षा वेगळा असतो. स्वीट विकली तर त्याला पैसे, फुकट दिली तर काय? गड्ड्याच्या यात्रेत आपल्याकडचा लॉजवाला तरी देईल का? मर्जीवर राहायचं नसेल तर हयात साखळीचं स्वीट अपग्रेड अवॉर्ड, म्हणजे मेंबरला मिळणारं स्वीटचं कूपन, बघा. साधी स्वीट सगळ्या रात्री शिल्लक असेल, तर ते बुकिंगच्या वेळीच पक्कं होतं.

स्वस्त साइटचा सल्ला तर घातकच. अशा त्रयस्थ साइटवरच्या बुकिंगवर सहसा ना पॉइंट मिळतात, ना रात्री मोजल्या जातात; अपग्रेड द्यायला हॉटेल बांधील नसतं.

राहिला जीएसटी. तो प्रत्यक्ष आकारलेल्या भाड्यावर लागतो: सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, भाडं त्याहून जास्त असेल तर १८. म्हणजे ६,८०० च्या खोलीवर फुकट स्वीट मिळाली तरी कर ३४०च. मात्र काउंटरवर '१,५०० द्या, स्वीट घ्या' म्हटलं की सावध. भाडं ८,३०० होतं, सगळ्या रकमेवर १८ टक्के म्हणजे १,४९४ कर, आणि १,१५४ चा जादा कर धरून १,५०० चं ते अपग्रेड रात्रीला २,६५४ ला पडतं.