आर्द्रा फुटणार, पन्हाळ्यावरून दोन सूर्य दिसणार? खुलासा

कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर पहाटे फिरणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय: ‘यंदा आर्द्रा नक्षत्रात आर्द्रेचा तारा फुटणार. रात्री पन्हाळ्यावरून दोन सूर्य दिसतील.’

हे खरं नाही.

मुळात पंचांगात आर्द्रा लागते ती २१-२२ जूनच्या सुमारास, म्हणजे सूर्य आकाशात त्या ताऱ्यापाशी आलेला असतो. तारा सूर्याबरोबर उगवतो, सूर्याबरोबर मावळतो. रात्री तो दिसणार कसा? त्यात जूनअखेरचा, पावसाधुक्यातला पन्हाळा! स्वतःचा हात दिसला तरी पुष्कळ.

मेसेजमागे एक खरी गोष्ट मात्र आहे. हा तांबडा राक्षसी तारा, ज्याला काक्षीही म्हणतात, २०१९ अखेर ते फेब्रुवारी २०२० या काळात डोळ्यांना जाणवेल इतका मंद झाला होता. तेव्हाही ‘आता फुटतो’ अशी आवई उठली. ताऱ्याने बाहेर फेकलेला वायू थंड होऊन त्याची धूळ झाली आणि ती आड आली, असं निरीक्षणांतून निघालं. पुढे तारा पूर्ववत उजळला.

तो कधीतरी फुटणार हे नक्की, पण अंदाज आहे साधारण लाखभर वर्षांच्या आतला. फुटला तर दुसरा सूर्य नव्हे, फार तर अर्ध्या चंद्राएवढा उजेड, तोही ठिपक्यासारखा. पाचशे ते सातशे प्रकाशवर्षं अंतर असल्याने पृथ्वीला धोका नाही.

बघायचाच असेल तर डिसेंबर-जानेवारीत रात्री मृग (ओरायन) तारकासमूहात तांबूस तारा शोधा.