एरर बदलला, अण्णा!

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टेरी टॉवेलचे बरेच कारखाने आहेत. त्यातल्या एकात मी हिशेब बघतो. हिशेब बघणाऱ्याला टॅली येते, टॅली येणाऱ्याला कॉम्प्युटर येतो आणि कॉम्प्युटर येणाऱ्याला वायर लावलेलं काहीही येतं, अशी आमच्या मालकांची, म्हणजे अण्णांची, चढती श्रद्धा आहे. या श्रद्धेपायी मी हजेरीचं मशीन बसवलंय, कॅमेरे लावलेत आणि अण्णांच्या घरचा गिझरसुद्धा उघडून पाहिलाय.

यंदा अण्णांनी पुण्याच्या एका कंपनीकडून स्टॉकचं नवं सॉफ्टवेअर घेतलं. त्याचा सगळा डेटा पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये, आणि तो डेटाबेस कुठल्याशा क्लाउडवर. आमच्या जुन्या सर्व्हरने रोज सकाळी तिथून शिल्लक मालाचा आकडा आणायचा आणि प्रिंटरवर छापायचा, म्हणजे अण्णांना चहाबरोबर तो वाचता येईल.

"काका, डेटाबेस तुमच्याकडे टाकायचाच नाहीये," पुण्याचा मुलगा फोनवर अतिशय शुद्ध मराठीत म्हणाला. "फक्त क्लाएंट टाकायचा, म्हणजे डेटाबेसशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम. पाच मिनिटांचं काम आहे."

मी पाण्याची बाटली भरून घेतली.

सर्व्हर आमच्या सूत-गोदामाशेजारच्या खोलीत असतो. माग सुरू झाले की भिंत थरथरते आणि सुताचा तूस हवेतून थेट त्याच्या पंख्यात जाऊन बसतो. तो बसवणारा पोरगा हुशार होता, म्हणजे अर्थातच तो आता पुण्यात आहे. सोलापुरात जो कॉम्प्युटर शिकतो तो एक दिवस पहाटे हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसतो. सर्व्हर मात्र इथेच राहतात. जाताना त्याने आमच्यासाठी सेंटओएस ७ ही ऑपरेटिंग सिस्टीम आणि एक वही ठेवली. वहीत पासवर्ड होता. बाकीची पानं कोरी.

काळा पडदा उघडला आणि पहिली आज्ञा दिली: यम इन्स्टॉल पोस्टग्रेसक्यूएल. (हा यम म्हणजे नेटवरून सॉफ्टवेअर आणून बसवणारा सेंटओएसचा प्रोग्रॅम.) उत्तर आलं, 'कुड नॉट रिझॉल्व्ह होस्ट: मिररलिस्ट डॉट सेंटओएस डॉट ऑर्ग'.

याचा सरळ अर्थ नेट बंद. नेटवाल्याला बोलावलं. मे महिन्यात, पारा चाळिशीच्या पार गेलेला असताना, तो बिचारा पत्र्यावर चढला, केबल दाबून पाहिली, खाली उतरला आणि मोबाइलवर कुस्तीचा व्हिडिओ लावून दाखवला. नेट पळत होतं. गेला होता तो पत्ताच. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली आणि तिचं सामान जिथून मिळायचं ते पत्ते बंद झाले. जुनी पॅकेजेस 'व्हॉल्ट' नावाच्या वेगळ्या ठिकाणी नेऊन ठेवली आहेत. सेटिंगच्या फायलीत मिररलिस्टच्या ओळीपुढे एक # लावायचा, बेसयूआरएलच्या ओळीपुढचा काढायचा आणि पत्त्यात मिररच्या जागी व्हॉल्ट लिहायचं, की पुन्हा सगळं मिळतं.

अण्णांना हे समजावताना माझा घसा कोरडा पडला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे दुकान बंद झालंय, गोदाम चालू हाय."

इतकी वर्षं धंदा उगाच नाही करत माणूस.

इन्स्टॉल झालं. यम शेवटी 'कम्प्लीट!' असं उद्गारचिन्हासकट म्हणतो. काय कम्प्लीट झालं, ते सांगत नाही. मी लगेच पुण्याच्या सर्व्हरला जोडून पाहिलं. पडदा थांबला. मी थांबलो. बाहेर माग चालू होते म्हणून वेळ जात असल्याचं कळत होतं, एवढंच. शेवटी 'कनेक्शन टाइम्ड आउट'.

इथे एक बारकावा आहे आणि तो ठाऊक असला तर माणसाचं रक्त कमी आटतं. 'रिफ्यूज्ड' आलं तर बहुधा पलीकडे यंत्र आहे, पण त्या पोर्टवर, म्हणजे त्या नंबरच्या दारावर, कुणी ऐकत नाही. 'टाइम्ड आउट' आलं तर बहुतेक वेळा वाटेतल्या फायरवॉलने, म्हणजे कुणाला आत सोडायचं ते ठरवणाऱ्या पहारेकऱ्याने, आपलं बोलणं परस्पर गिळलेलं असतं, नकारसुद्धा न देता. पोस्टग्रेसचं पोर्ट ५४३२. पुण्याच्या फायरवॉलमध्ये ठरावीक आयपी पत्त्यांनाच तिथे प्रवेश होता, आणि ते योग्यच आहे. मी आमचा आयपी व्हॉट्सॲपवर पाठवला. मुलाने तो यादीत घातला. तेवढ्यात आमची लाइट गेली. लाइट आली, राउटर पुन्हा सुरू झाला आणि त्याने नवा आयपी घेतला. मी नवा पाठवला. लाइट गेली.

उन्हाळ्यात आमच्याकडे हा व्यवहार किती काळ चालू शकतो याची त्या मुलाला कल्पना असावी, कारण "काका, स्टॅटिक आयपी घ्या" असं तो लवकरच म्हणाला. स्टॅटिक म्हणजे न बदलणारा, आणि त्याला वर्षाचे वेगळे पैसे.

"जागा आपली, इमारत आपली," अण्णा बिल बघत म्हणाले, "आन् पत्त्याचं भाडं?"

भाडं भरलं. पुन्हा जोडून पाहिलं. या वेळी उत्तर तत्काळ आलं: 'फॅटल: नो पीजी-एचबीए डॉट कॉन्फ एंट्री फॉर होस्ट', आणि पुढे आमचा आयपी, आमचं युजरनेम, डेटाबेसचं नाव.

मी खुर्चीतून उठून ओरडलो, "अण्णा, एरर बदलला!"

अण्णा धावत आले. पडद्यावर 'फॅटल' बघून त्यांचा चेहरा उतरला. फॅटल हा शब्द त्यांनी आजवर हायवेच्या अपघातांच्या बातम्यांतच वाचलेला. मी म्हटलं, अण्णा, घाबरू नका, ही आनंदाची बातमी आहे. इतके दिवस पलीकडून आवाजच येत नव्हता. आता त्यांच्या पोस्टग्रेसने आपलं नाव घेऊन आपल्याला हाकललं. म्हणजे तार पोचली, फायरवॉल ओलांडली, पोस्टग्रेस जागा आहे. आता फक्त त्याच्या त्या पीजी-एचबीए फायलीत, म्हणजे कुणाला आत घ्यायचं त्या यादीत, आपल्या नावाची एक ओळ पाहिजे. ती फाइल तो वरून खाली वाचतो आणि जुळणारी पहिली ओळ धरतो. खालच्या ओळींना मग काही किंमत नाही.

एरर तोच राहिला तर काळजी आणि बदलला तर पेढे, हा नियम अण्णांना एकदम पटला. त्यांनी तो कारखानाभर पसरवला. त्यानंतर मला जेवणाची सुट्टी धड मिळाली नाही. भाकरीवर शेंगाचटणी घेऊन बसलो की मागांवर देखरेख करणारे जॉबर मामा विचारायचे, "साहेब, आज बदलला का?" कांडी भरणाऱ्या मावशीही विचारायच्या. आमच्याकडे मराठी, तेलुगू, कन्नड अशा तिन्ही भाषांत चौकशी होते. 'एरर' तिन्हींत सारखाच.

पुण्याच्या मुलाने ओळ घातली. एरर बदलला. पण या वेळचा विचित्र होता: 'ऑथेंटिकेशन मेथड १० नॉट सपोर्टेड'. बाकी काही नाही. ही दहावी पद्धत कुठली आणि पहिल्या नऊ कुठे गेल्या, याबद्दल तो गप्प.

मी फोन लावून वाचून दाखवलं. पलीकडे शांतता. मग ते सगळं शुद्ध मराठी बाजूला पडून आवाज आला, "काय बे हे... कुठलं व्हर्जन टाकलाव?"

"तू सोलापूरचा?" मी विचारलं.

"साखर पेठेतला की काका."

त्यानंतर काम झपाट्याने पुढे सरकलं. पोस्टग्रेसने २०१७ साली आवृत्ती १० मध्ये पासवर्ड तपासायची स्क्रॅम नावाची नवी रीत आणली आणि २०२१ च्या आवृत्ती १४ पासून नव्या सर्व्हरवर तीच ठरलेली झाली. तिच्यात पासवर्ड तारेवरून जातच नाही. दोन्ही बाजू आपापल्याकडे गणित करून एकमेकांना पटवतात की आपल्याला तो ठाऊक आहे. आमच्या सेंटओएस ७ च्या व्हॉल्टमधून आलेला क्लाएंट होता ९.२, म्हणजे २०१२ सालचं वाण. त्याला हे गणितच माहीत नव्हतं. (संदेशातला १० म्हणजे आवृत्ती नव्हे. सर्व्हर-क्लाएंटच्या आपसातल्या बोलीत या प्रकारच्या तपासणीचा तो सांकेतिक आकडा आहे. दोन्हीकडे दहाच यावेत हा निव्वळ योगायोग आणि माझ्या डोक्याला ताप.)

पुण्याचा सर्व्हर जुन्या रीतीवर आणणं हा एक सोपा उपाय होता. मुलगा नको म्हणाला आणि मीही रेटलं नाही. आमचा एक म्हातारा क्लाएंट चालावा म्हणून तिकडे सगळ्यांचंच कुलूप हलकं का करायचं?

अण्णांचा प्रश्न वेगळा होता. "हे पोस्टग्रेस कुणाचं? त्याला फोन लाव की."

मी म्हटलं, कुणाचंच नाही, फुकट आहे. १९८६ साली अमेरिकेत बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर नावाच्या प्राध्यापकांनी ते सुरू केलं, आता जगभरातले लोक मिळून सांभाळतात. अण्णा विचारात पडले. त्यांच्या धंद्यात बिघाड झाला की शिव्या घालायला एक ठरावीक माणूस असतो. पुरवठादार, ट्रान्सपोर्टवाला, नाहीतर मी. जगभरातल्या लोकांना एकदम शिव्या घालणं त्यांनाही झेपेना, म्हणून पुन्हा माझ्याकडेच पाहिलं.

साखर पेठेने आवृत्ती १४ ची पॅकेजेस पाठवली. एका पॅकेजला दुसरं हवं, ते आधी टाकलं, मग हे टाकलं. आवृत्ती तपासली. ९.२.२४.

पुन्हा तपासली. ९.२.२४.

नवा क्लाएंट आपल्या वेगळ्या फोल्डरमध्ये नीट बसला होता, पण नेहमीच्या नावाने हाक मारली की ओ जुनाच देत होता, कारण नेहमीच्या जागी तोच होता. मी पडद्याकडे बघत बसलेलो असताना जॉबर मामा हात पुसत आत आले. काय झालं म्हणून विचारलं, मी सांगितलं. "जुना काढा की आधी," ते म्हणाले आणि बिडी ओढायला बाहेर गेले.

जुना काढला. नव्याला त्याच्या फोल्डरसकट पूर्ण नावाने बोलावलं. त्याने पासवर्ड विचारला.

रोज सकाळी आपोआप काम व्हायचं तर पासवर्ड पीजीपास नावाच्या फायलीत ठेवावा लागतो. ही फाइल फार संकोची. मालकाखेरीज कुणाला वाचता येत असेल तर क्लाएंट तिच्याकडे बघतच नाही. परवानगी ०६०० किंवा त्याहून कडक करा म्हणतो. मी केली. एवढ्या गुप्ततेत ठेवलेला तो पासवर्ड अण्णांनी, विसरायला नको म्हणून, आधीच मोठ्या अक्षरात कॅलेंडरच्या मागे लिहिला होता. परवानगी ०७७७, म्हणजे सगळ्यांना खुली.

आणि मग, कसलाही गाजावाजा न करता, पडद्यावर डेटाबेसचं नाव आणि पुढे =>. एररच नाही. मला क्षणभर चुकल्याचुकल्यासारखं झालं. आकडा मागितला. काहीच आलं नाही, फक्त बाणाची शेपटी बदलून -> झाली. पोस्टग्रेसला वाक्य अर्धविरामाने संपवावं लागतं. तोवर तो आपलं बोलणं अजून चालू आहे असं धरून अदबीने ऐकत राहतो. आमच्या ऑफिसात असा दुसरा कुणी नाही. अर्धविराम दिला. आकडा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रिंटर करकरला. अण्णांनी कागद हातात घेतला, खिशातली डायरी काढली, दोन्हीवर बोट फिरवलं.

"चुकलंय."

"अण्णा, डेटाबेस आहे तो."

"असू दे की. बारीक नक्षीच्या टॉवेलच्या दोन गाठी जास्त दाखवतोय."

मी गोदामात जाऊन मोजलं. खरंच दोन गाठी कमी होत्या.

"पुतणीच्या लग्नात टॉवेल-टोपीला गेल्यात त्या," अण्णा म्हणाले. "आहेराची कुठं एंट्री असतीय व्हय बे? तूच टाक आता त्यात."

मी टाकायला गेलो. 'परमिशन डिनाइड.' आमच्या युजरला फक्त वाचायची मुभा होती. साखर पेठेला फोन लावला, तर तो पुन्हा शुद्ध मराठीत म्हणाला की लिहिण्याच्या परवानगीसाठी मालकांच्या सहीचा मेल पाठवावा लागेल.