600 वर्षं न हललेलं मैदान कुठेच नाही

गावच्या ग्रुपवर गेले दोन आठवडे एक निरोप फिरतोय. आधी मुंबईकर मंडळाकडून आला, मग वाडीच्या ग्रुपवर, मग भाचीनं पुण्याहून तोच पाठवला. थोडक्यात तो असा: स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचं ‘ओल्ड कोर्स’ हे गोल्फचं मैदान 600 वर्षं जसंच्या तसं आहे, तिथं गवताचं पातं हलवायलाही कायद्यानं बंदी आहे, एवढी मोठी ओपन स्पर्धा तिथं भरते, पण स्पर्धेसाठी मैदान बदलत नाहीत, आणि आपण कोकणी माणसं शंभर वर्षांच्या देवळाची कौलं उतरवून स्लॅब टाकतो.

स्लॅबचा राग मलाही आहे. पण मी मुंबईत 22 वर्षं एका गोल्फ मैदानावर गवत राखायचं काम केलंय आणि यातली पहिली तिन्ही वाक्यं चुकीची आहेत हे मला माहीत आहे. आमच्या देवळाच्या लाकडी सभामंडपावर स्लॅब टाकायचा का, याचा निर्णय शाकारणीच्या आधी व्हायचाय. त्या बैठकीत हा निरोप पुरावा म्हणून वाचला जाणार, म्हणून हे लिहितोय.

‘जसंच्या तसं’ यापासून सुरुवात करू. तिथं खेळ पंधराव्या शतकापासून आहे हे खरं. स्कॉटलंडच्या राजानं 1457 मध्ये गोल्फवर बंदी घातली, म्हणजे तोवर लोक खेळत होतेच. पण 1764 पर्यंत ओल्ड कोर्सची फेरी 22 होलची होती (होल म्हणजे चेंडू ज्यात टाकायचा तो खड्डा, आणि तिथवरचा खेळायचा पट्टाही). त्या वर्षी सुरुवातीच्या चार होलचे दोन केले. जाताना आणि येताना तेच होल खेळत असल्यामुळे 22 चे 18 झाले. आज जगभर गोल्फची फेरी 18 होलची असते, ती या एका बदलामुळे. पुढं एकोणिसाव्या शतकात मैदान रुंद केलं, एकाच ग्रीनवर, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, दोन-दोन होल खोदले. ओल्ड टॉम मॉरिस मैदानाची राखण करायला आले, त्यांनी पहिल्या आणि अठराव्या होलची ग्रीन नव्यानं घडवली. त्याआधी लोक आजच्या उलट दिशेनंही खेळत असत.

आणि आपल्या किनाऱ्यावरच्या माणसानं लक्ष द्यावं अशी गोष्ट पहिल्या होलची आहे. तिथली बरीच जागा मुळात समुद्राची. जॉर्ज ब्रूस नावाच्या माणसानं मासेमारीच्या जुन्या होड्यांत दगड भरून त्या किनाऱ्याला बुडवल्या, बांध घातला आणि भर टाकून जमीन काढली. आपल्याकडे धूपप्रतिबंधक बंधारा घालतात तसंच काम. आज टीव्हीवर जे रुंद हिरवं पटांगण दिसतं, ते पाहून कुणाला होड्या आठवत नाहीत.

शिवाय ते मैदान पुळणीवर आहे. वाळू वाऱ्यानं सरकते. आपल्याकडे मर्यादवेल पुळण धरून ठेवते, तिकडे मॅरम गवत. खेळाडू बंकरमधून, म्हणजे अडथळा म्हणून राखलेल्या वाळूच्या खोलग्यातून, चेंडू मारतो तेव्हा मूठभर वाळू काठावर उडते. वर्षानुवर्षं उडून काठ चढत जातो, ग्रीनचा उतार बदलतो. मी स्वतः असे काठ मोजलेत. तिथल्या खोल बंकरच्या भिंती गवताचे थर एकावर एक रचून केलेल्या असतात. त्या खचतात, म्हणून दर काही वर्षांनी नव्यानं रचाव्या लागतात. कुणी हात लावला नसता तर ते बंकर केव्हाच वाळूचे खड्डे झाले असते.

कायद्याची गोष्ट छोटी आहे. सेंट अँड्र्यूजसाठी ब्रिटिश संसदेचा खास कायदा आहे, तो 1894 चा. नगरपालिकेनं ती जमीन विकत घेतली तेव्हाचा. 1974 च्या कायद्यानं कारभार एका ट्रस्टकडे गेला. या कायद्यांचा भर जमीन कुणाची आणि ती कुणासाठी राखायची यावर आहे. ते मैदान सार्वजनिक आहे, कुणा श्रीमंत क्लबचं नाही. रविवारी एरवी खेळ बंद असतो आणि गावचे लोक मुलं, कुत्री घेऊन त्यावरून फिरतात.

आता ‘स्पर्धेसाठी बदलत नाहीत’. 2010 च्या ओपनआधी सतराव्या होलची टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, मागं नेली, ती मैदानाच्या हद्दीबाहेर गेली. नोव्हेंबर 2012 मध्ये आणखी बदल जाहीर झाले: सतराव्या होलचा प्रसिद्ध बंकर अर्ध्या मीटरनं रुंद, अकराव्या ग्रीनचा मागचा भाग खाली, दुसऱ्या होलचे बंकर ग्रीनच्या जवळ. मैदानं आखणाऱ्या जाणकारांनी उघड विरोध केला, तरी काम झालं. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल मैदानावर मास्टर्स ही मोठी स्पर्धा भरते, पहिली 1934 ची. पुढच्याच वर्षी पहिले नऊ आणि शेवटचे नऊ होल यांची अदलाबदल केली. तिथला तेरावा होल 2023 मध्ये 35 यार्डांनी वाढवला. उत्तर आयर्लंडमधल्या रॉयल पोर्टरशला 1951 नंतर थेट 2019 मध्ये ओपन मिळाली, तीही दोन जुने होल सोडून दोन नवे बांधल्यावर.

हे सगळं मला पटतं असं नाही. चेंडू लांब जातो म्हणून टी मागं नेत राहणं हा चुकीचा रस्ता आहे असं माझं ठाम मत आहे. जमीन संपते, चेंडू थांबत नाही. खेळाचे नियम करणाऱ्या दोन्ही संस्थांनी डिसेंबर 2023 मध्ये चेंडूच्याच पल्ल्याला आळा घालायचं ठरवलं, ते मला योग्य वाटलं.

पण काही बदल जुनं परत आणण्यासाठी असतात. अमेरिकेतल्या पाइनहर्स्टच्या दोन नंबरच्या मैदानावर हळूहळू सगळीकडे हिरवं गवत पसरलं होतं. 2010-11 मध्ये सुमारे 35 एकर गवत काढून वाळू आणि रानगवत परत आणलं, पाण्याचे फवारेही निम्म्याहून कमी केले. 2014 मध्ये तिथं पुरुष आणि महिला दोघांची यूएस ओपन लागोपाठच्या आठवड्यांत झाली. अमेरिकेतल्याच ओकमाँट मैदानावर हजारो झाडं तोडली. ऐकून आपल्याला वाईट वाटतं, मलाही वाटलं. पण ती मागाहून लावलेली होती, 1903 चं मूळ मैदान उघडं-बोडकं होतं.

राहिलं आपल्यावरचं वाक्य. ते बरचसं खरं आहे, पण तोही फक्त आपलाच दोष नव्हे. ओल्ड कोर्सवर अठराव्या होलला स्विल्कन पूल आहे, गुरं-मेंढरं नेण्यासाठी बांधलेला, काही शतकांचा जुना. फोटो काढणाऱ्यांच्या पायांनी त्याच्या तोंडाशी गवत टिकेना. 2023 च्या सुरुवातीला ट्रस्टनं तिथं दगडी फरसबंदी केली. आपल्या देवळांपुढं चकचकीत लाद्या बसवतात, अगदी तसंच. लोक भडकले, आणि काही दिवसांत ट्रस्टनं ती उखडून पुन्हा गवत लावायचं ठरवलं.

आमच्या सभामंडपाबद्दल माझं म्हणणं यावरूनच आहे. फरसबंदी उखडता आली. स्लॅब टाकल्यावर लाकडी मंडप परत येणार नाही. पण ‘हातच लावू नका’ हेही मला मान्य नाही. दरवर्षी शाकारणी झाली म्हणूनच ते देऊळ उभं आहे. फुटलेली कौलं गेली, नवी आली, माझ्या आजोबांनी दोन वासे बदलल्याचं वडील सांगायचे. जे सडलंय ते बदलू, सागाला साग, चिऱ्याला चिरा. उतरवण्याआधी प्रत्येक खांबाचं माप आणि फोटो घेऊ, आणि ते मुंबईकरांसकट सगळ्यांपुढं ठेवू.

कुठले वासे, कुठल्या रिपा गेल्यात हे अजून कुणी वर चढून पाहिलेलंच नाही. वाडीतल्या दोन सुतारांना घेऊन मी येत्या रविवारी सकाळी 8 वाजता चढणार आहे. ज्यांनी हा निरोप पुढं पाठवला त्यांनीही यावं, शिडी धरायला माणसं कमी आहेत.