गेल्यावर बघू!

पाठीला सॅक, सोबत जिवलग मित्र आणि समोर पॅरिस, फ्लॉरेन्स, रोम, व्हेनिस, प्राग. झाली की तयारी! उरलेलं गेल्यावर बघू. नुकताच या 'गेल्यावर बघू' संप्रदायातल्या एका साधकाचा सोळा दिवस सत्संग घडला. त्या प्रसादातले चार कण तुम्हालाही मिळावेत, म्हणून हा खटाटोप.

आधी सॅक. सत्तर लिटरच्या खाली उतरू नका. चाळीस लिटर आणि सात-आठ किलोंत तीन आठवडे निघतात असं सांगणारे लोक रात्री बेसिनमध्ये कपडे धुतात. आपल्याला ते शोभत नाही. त्यापेक्षा चाकांची मोठी बॅगच उत्तम. व्हेनिसच्या सांता लुचिया स्टेशनच्या पायऱ्या उतरलात की समोर थेट कालवा. रिक्षा नाही, टॅक्सी नाही, पुढे येईल तो पूल, आणि पूल म्हणजे पुन्हा पायऱ्या. चाकं हवेत आणि बॅग मित्राच्या खांद्यावर. व्हेनिसमधून वाचलेली चाकं प्रागची दगडी फरसबंदी काढून घेते.

आईने दिलेला तुपाचा डबा विसरू नका. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून दुधाचे पदार्थ आणि मांस नेता येत नाही, पण आपलं तूप घरी कढवलेलं आहे हे कस्टमवाल्याला समजावता येईल.

हॉस्टेलच्या लॉकरला बहुतेक ठिकाणी कुलूप स्वतःचं लागतं. नेऊ नका.

पहाटेची गाडी असेल तर रात्रीच सॅक भरून ठेवण्याचा अरसिकपणा नको. प्रत्येक मोजा, प्रत्येक बनियन वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि आठ जणांच्या खोलीत साडेचारला त्या एकेक उघडून टूथब्रश शोधा. नाहीच सापडला तर मोबाइलचा टॉर्च वरच्या बंकवर मारा.

एटीएम तुम्हाला विचारेल, रुपयांत कापू की इथल्या चलनात? रुपयेच निवडा. आकडा ओळखीचा वाटतो. मशीनवाल्याने त्यात स्वतःचा भाव लावला, हे कळायला घरी आल्यावर स्टेटमेंट आहेच. प्रागमध्ये पैसे बदलून देणाऱ्या दुकानावर 'शून्य कमिशन' अशी पाटी दिसली की बेधडक आत शिरा. कमिशन खरंच शून्य असतं, लूट भावात असते. चेक कायद्यानुसार २०१९ पासून १,००० युरोपर्यंतचा असा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो, म्हणून पावती दुकानाबाहेर पडताक्षणी फेकून द्या.

इटलीतल्या रेजिओनाले, म्हणजे तिथल्या पॅसेंजर गाडीचं कागदी तिकीट काढलंत की सरळ जाऊन बसा. फलाटावरच्या त्या छोट्या यंत्रात ठप्पा मारायचा असतो, कारण या तिकिटावर ना सीट असते ना ठरावीक गाडी. ठप्पा नसेल तर तेच तिकीट पुन्हा पुढच्या गाडीलाही चालेल. वेगवान गाड्यांना ठप्पा लागत नाही, तेव्हा इथेही लागत नसणार असा तर्क टीसीपुढे मांडा. मोबाइलवर तिकीट असेल तर बसण्यापूर्वी चेक-इन करावं लागतं, तेही त्याच्यासमोर करा. तो दंडाची पावती फार सुबक फाडून देतो.

इटलीत जर्मनीतल्या म्युनिकलाही 'मोनाको' म्हणतात. पाटी दिसली की खुशाल चढा.

आणि युरेल पास! एका पासवर देशोदेशीच्या रेल्वेगाड्या. तो घेतला की सगळा युरोप आपल्या बापाचा. जर्मनीत, ऑस्ट्रियात बहुतेक गाड्यांत पास दाखवून बसता येतं, मग फ्रान्सची टीजीव्ही आणि इटलीची फ्रेच्चारोसा या वेगवान गाड्या काय वेगळ्या? तिथे पासवर सीटचं आरक्षण सक्तीचं असतं, त्याचे पैसे वेगळे, आणि टीजीव्हीत पासवाल्यांच्या जागा मोजक्याच. उन्हाळ्यात त्या केव्हाच संपलेल्या असतात. मग स्टेशनवर उभं राहून तेच तिकीट पूर्ण पैसे मोजून घ्यायचं, आणि संध्याकाळी मित्राला म्हणायचं, "पास घेऊन चूकच केली यार."

संग्रहालयांचं तर बघायलाच नको. फ्लॉरेन्सला सोमवारी पोहोचा. उफिझी सोमवारी बंद, मायकेलअँजेलोचा डेव्हिड आहे ती अकादमियाही सोमवारी बंद. पॅरिसमध्ये ओर्से सोमवारी बंद, म्हणून हुशारीने मंगळवारी लूव्हरला जा. ते मंगळवारी बंद. व्हॅटिकन म्युझियम्स रविवारी बंद असतात, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडी आणि फुकट. त्या दिवशी साडेबारानंतर आत सोडत नाहीत, त्यामुळे बारा वाजता आळोखेपिळोखे देत निघालात तर रांग पाहून परतता येतं. हाफ पँट घालून गेलात तर रांगेचीही कटकट मिटते, खांदे-गुडघे उघडे असले की दारातूनच वाट दाखवतात. फ्लॉरेन्सच्या कथीड्रलचा घुमट ब्रुनेलेस्कीने १४३६ मध्ये पुरा केला. वर जायला ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, आणि दिवस-वेळ आधी आरक्षित केल्याशिवाय पहिल्या पायरीवरही पाऊल ठेवू देत नाहीत. कोलोसियमच्या तिकिटावर नाव असतं, ते पासपोर्टशी ताडून बघतात, वेळ ठरलेली असते. "अरे, तिथे ब्लॅकमध्ये मिळेल की!" नाही मिळत. हे काय मॅटिनीचं तिकीट आहे? दुसऱ्याच्या नावाचं तिकीट घेऊन दारात काय सांगणार, नाव बदललं म्हणून?

आता मुख्य कानमंत्र. बुकिंगचा विषय निघाला की म्हणावं, "तू ठरव, मला काहीही चालेल." मित्र रात्री जागून गाड्यांच्या वेळा जुळवेल, हॉस्टेलं शोधेल. तोपर्यंत त्याच्या मेसेजना अंगठा दाखवत राहा. मग व्हेनिसच्या अलीकडच्या मेस्त्रेतल्या खोलीत पाय ठेवल्याबरोबर विचारा, "हे व्हेनिस आहे? जरा जवळचं नव्हतं का मिळत?" मिळत होतं की. तिप्पट भावाने. महिनाभरापूर्वी त्याची लिंक पाठवली होती, त्यावर तुमचा अंगठा आहे.

काहीही चालतं ना? मग तिसऱ्या दिवशी पिझ्झा का चालत नाही? दहा हजार पावलं का चालत नाहीत? उभ्याने कॉफी का चालत नाही, बसून तिप्पट पैसे का द्यायचे असतात, आणि तेही हिशेबात निम्मे-निम्मे?

आणि एक सांग, साधका. युरोपातल्या बहुतेक देशांत एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी कौन्सुलेटला काय दिलं होतंस? ९० युरो फी, ३०,००० युरोंचा विमा, आणि तारखेवार आयटिनररी! कुठल्या रात्री कुठे झोपणार, कुठून कुठे कशाने जाणार, ओळीने लिहून खाली सही केलीस. ज्या देशात जास्त दिवस त्याच्याकडेच अर्ज करायचा, म्हणून रात्रीसुद्धा मोजल्यास. एका अनोळखी अधिकाऱ्यासाठी तुला सगळं ठरवता आलं. सोबत येणाऱ्या मित्रासाठी मात्र "गेल्यावर बघू". व्हिसा लागला त्याच संध्याकाळी फुकट रद्द होणारी सगळी बुकिंगं रद्द करून टाकलीस आणि नवीन करायचं काम दुसऱ्याच्या गळ्यात मारलंस.

तो कागद अजून तुझ्या मेलमध्ये आहे. उघड. अर्धी शहरं तू घे, अर्धी त्याला दे. ज्याचं शहर, त्याने गाडी, खोली, तिकिटं आणि बंदचे वार बघायचे. कोलोसियमची तिकिटं ३० दिवस आधी सुटतात, गजर लाव. रोजचा खर्च रोज रात्री लिही, परतीच्या विमानात आठवणीने नव्हे. आणि कपडे कापडी पिशवीत भर रे बाबा, लोकांना झोपू दे.