मनमाडकर, जॉर्जनी युनियनची शिडी केली हे मला पटत नाही

नमस्कार मनमाडकर,

कामगार नेते जॉर्ज फर्नांडिसांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत की जॉर्जनी युनियनची शिडी केली, 1974 च्या रेल्वे संपात कामगार भरडला आणि साहेब मंत्री झाले, आणि तुम्ही नाशकात बसून त्यांच्या आरत्या ओवाळता. तुमचे वडील त्या संपात होते असंही लिहिलंय, म्हणून दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं मला बरं वाटेना.

आधी शिडीचं बोलू. 1949 ला मंगळूरकडून मुंबईत आलेला पोरगा, सुरुवातीला चौपाटीवर झोपायचा, गोदी कामगारांचे नेते पी. डिमेलोंच्या हाताखाली गोदीत तयार झाला, मग म्युनिसिपालिटीचे कामगार, टॅक्सीवाले, आणि 1967 ला थेट काँग्रेसचे बडे नेते स. का. पाटलांनाच दक्षिण मुंबईत पाडलं. शिडीच करायची असती तर ती तिथेच वरपर्यंत पोचली होती. 1971 ला हरले, आणि 1973 ला रेल्वे कामगारांच्या युनियनचे, म्हणजे रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष झाले तेव्हा साधी खासदारकीही नव्हती. ज्याला मंत्रिपदाची घाई असते तो इंदिराबाईंच्या सरकारपुढे अख्खी रेल्वे बंद करून उभा राहत नाही हो, तो आतून सेटलमेंट करतो, असले लीडर आपण सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काय कमी पाहिलेत?

आता संप. मागण्या काय होत्या, तर रनिंग स्टाफला (म्हणजे गाडीवरच्या ड्रायव्हर-फायरमन मंडळींना) आठ तासांची ड्युटी, बोनस, आणि इतर सरकारी कारखान्यांइतका पगार. यात चैनीचं काय होतं? माझ्या ओळखीचे एक काका तेव्हा तुमच्याच मनमाडला फायरमन होते, ते सांगायचे की ड्युटी चौदा-चौदा तास चालायची, कोळसा ओढून हाताला घट्टे, घरी आलं की पोरं झोपलेली आणि निघताना पण झोपलेलीच. संप 8 मे ला सुरू झाला पण जॉर्जना 2 मे लाच लखनौला उचललं होतं, म्हणजे नेता आत आणि संप बाहेर, तरी जवळजवळ वीस दिवस चालला. क्वार्टरमधनं बायकापोरांना सामानासकट बाहेर काढलं, हजारोंना अटक, कुणी डिसमिस, कुणाला ब्रेक इन सर्व्हिस, म्हणजे नोकरीत खंड. हे कुणी केलं? सरकारनं केलं. तुमचा सगळा राग जॉर्जवर आणि नोटिसा काढणाऱ्यांबद्दल अक्षर नाही, हे मला खरंच खटकलं.

संप बिनशर्त मागे घेतला, हे खरं, त्या अर्थानं हरलाच. पण 1977 ला सरकार बदललं, मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि संपात काढलेल्यांना परत घेतलं. 1979 ला बोनस पण चालू झाला. आज दसऱ्याच्या तोंडावर 78 दिवसांचा बोनस जाहीर झाला की नाशिकरोडच्या मार्केटात जी गर्दी होते ना, त्यातली निम्मी पोरं 74 कधी ऐकलेली पण नसतात.

राहिला तुमचा दुसरा मुद्दा, भाजपसोबत गेल्याचा. तिथे मी जॉर्जची बाजू घेणार नाही, मूळ लेखातही घेतलेली नाही. उलट तुम्ही 1979 विसरलात, मोरारजींच्या सरकारची लोकसभेत जोरदार बाजू मांडली आणि लगेच दुसऱ्या बाजूला गेले, ते मला तेव्हाच्या लोकांइतकंच लागतं. आणि 2002 ला गुजरातवर लोकसभेत, बायकांवर झालेले अत्याचार काही नवीन नाहीत अशा अर्थाचं जे बोलले ते आणीबाणीत बेड्या घातलेल्या माणसाच्या तोंडी शोभणारं नव्हतं, कुठल्याच माणसाच्या तोंडी नव्हतं. पण म्हणून 74 चा संप खोटा ठरवायचा का? तो एकट्या जॉर्जचा नव्हता, सतरा लाखांच्या आसपास रेल्वे कामगारांचा प्रश्न होता, त्यात तुमचे वडील पण आले.

वडिलांकडे तेव्हाची नोटीस, पास, काही कागद राहिले असतील तर फोटो पाठवा. नाव झाकून लेखात लावतो, आणि संपात मनमाड कसं होतं हे त्यांच्याकडून ऐकायला मी रविवारी येऊ शकतो, पॅसेंजरने.