‘दहा मिनिटांचं काम’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जुन्या ब्रिटिश गाडीत नवी बॅटरी बसवण्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही दिलेली प्रतिक्रिया तीनदा वाचली. बाकीच्या वाचकांसाठी ती थोडक्यात अशी (पॉझिटिव्ह अर्थ म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या बॉडीला लावलेलं, निगेटिव्ह अर्थ म्हणजे निगेटिव्ह टोक): “लेखकाने कधी पाना हातात धरला असेल असं वाटत नाही. पॉझिटिव्ह अर्थचा उगाच बाऊ केलाय, बॅटरी फिरवून निगेटिव्ह अर्थ करणं दहा मिनिटांचं काम आहे, माझी गाडी दोन वर्षं चालतेय. दहा नंबरचा पाना त्या गाडीला लागतच नाही. आणि जुनी बॅटरी का मेली हे न बघता नवी टाकायला सांगणं म्हणजे पैसे पाण्यात.”

आधी पान्याचं. तुमचं बरोबर आहे. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांचे नटबोल्ट इंची असतात, दहा नंबरचा पाना मी हल्लीच्या क्लॅम्पच्या सवयीने लिहून गेलो. चूक माझी, लेखात दुरुस्त करतो.

पण ‘पाना हातात धरला असेल असं वाटत नाही’ हे वाक्य कशासाठी होतं? चूक दाखवायची तर दाखवा, मी आत्ताच मान्य केली ना. समोरचा माणूस कोण, किती वर्षं काय करतोय, काहीच माहीत नसताना असं लिहून टाकायचं आणि मोकळं व्हायचं. माझ्या उजव्या तळहातावर अ‍ॅसिडचा डाग आहे तो लेख लिहून पडलेला नाही. मी कुणाच्या कामाबद्दल असं कधी लिहिलेलं नाही आणि माझ्याबद्दल लिहिलेलं मला आवडलेलं नाही, हे स्पष्ट सांगतो.

आता ते ‘दहा मिनिटांचं काम’. मी नववीत होतो. वडिलांची १९५८ ची मॉरिस मायनर होती, ल्युकास कंपनीचा डायनमो (इंजिनबरोबर फिरून बॅटरी चार्ज करतो तो), पॉझिटिव्ह अर्थ. बॅटरी संपली म्हणून एका मेकॅनिकने नवी आणून बसवली, आणि आयुष्यभर निगेटिव्हच बॉडीला लावलेली असल्यामुळे इथेही तशीच लावली. सेल्फ मारला, गाडी चालू. आता यात फसवं काय आहे ते बघा, सेल्फची मोटर बॅटरी उलटी लावली तरी त्याच दिशेला फिरते, दिवे लागतात, वायपर चालतो, म्हणजे सगळं ठीक असंच वाटतं. वडिलांनी रेस दिली तर डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा विझायच्या ऐवजी आणखी प्रखर झाला. एवढीच खूण होती आणि ती कुणाला कळली नाही. मग कट्कन आवाज आला आणि बॉनेटच्या फटीतून धूर. किल्ली बंद केली, इंजिन थांबलं, तरी धूर चालूच! मला अजून तो वास आठवतो, जळक्या सुती कापडाचा, कारण त्या वायरींवर कापडाचं वेष्टण असतं. शेवटी वडिलांनी केबल उपटून काढली तेव्हा थांबलं.

झालं काय होतं ते मला पुढे बऱ्याच वर्षांनी नीट समजलं. डायनमोच्या लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक असतं, तो कुठल्या पोलॅरिटीचा करंट देणार हे त्यावर ठरतं, आणि बॅटरी फिरवल्याने ते आपोआप फिरत नाही. म्हणजे बॅटरी नव्या दिशेची, डायनमो जुन्याच. कटआउट, म्हणजे डायनमो फिरू लागला की त्याला बॅटरीशी जोडणारा आपोआप चालणारा स्विच, जोडला गेला की दोघं एकमेकांच्या विरुद्ध असण्याऐवजी एकापुढे एक लागतात आणि प्रचंड करंट वाहतो. आमच्या गाडीत कटआउटचे पॉइंट, म्हणजे त्या स्विचची टेकणारी टोकं, एकमेकांना वेल्ड झाले, म्हणून इंजिन बंद झाल्यावरही बॅटरी डायनमोत रिकामी होत राहिली. वडिलांनी ब्लेड घालून ते पॉइंट सोडवले ते मी टॉर्च धरून बघत होतो. त्यांच्या हाताला कापलं होतं. तर हा माझा ‘बाऊ’.

मी लेखात कुठेही अर्थ बदलूच नका असं म्हटलेलं नाही, नीट वाचा. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारलाही कारखान्याने १९६७ मध्ये निगेटिव्ह अर्थ केलंच, पण सोबत डायनमो काढून आल्टरनेटर बसवला. घरी करायचं तर ल्युकासच्या डायनमोच्या दोन्ही वायरी सोडवायच्या, बॅटरीच्या बॉडीला न लावलेल्या टोकाकडून वायर आणून ती एफ टर्मिनलला दोन-तीनदा नुसती टेकवायची, बारीक ठिणगी पडते, झालं पोलराइझ, म्हणजे डायनमोचं चुंबकत्व नव्या दिशेचं झालं. दुसऱ्या बनावटीच्या रेग्युलेटरला ही पद्धत चालत नाही, म्हणून ती लेखात सरसकट दिली नव्हती. मग प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलच्या दोन वायरी अदलाबदल करायच्या. नाही केल्या तर प्लगच्या मधल्या इलेक्ट्रोडला उलटी पोलॅरिटी मिळते, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, सपाट रस्त्यावर कळत नाही पण चढावर लोड आला की गाडी मिस करते आणि माणूस कार्ब्युरेटर उघडत बसतो. अ‍ॅमीटर (करंट दाखवणारा काटा) असेल तर त्याच्याही वायरी फिरवायच्या, नाहीतर चार्जिंगला डिस्चार्ज दाखवणार. जुना रेडिओ असेल तर आधी काढून ठेवायचा, तो जळू शकतो.

आणि टर्मिनल! बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब निगेटिव्हपेक्षा जाड असतो हे तुम्हाला माहीत असेलच. त्या गाड्यांना शिशाच्या टोपीसारखं टर्मिनल असतं, वरून स्क्रू. अर्थची टोपी जाड खांबाच्या मापाची, ती बारीक खांबावर सैल बसते, आणि बारीक खांबाची टोपी जाड खांबावर अर्ध्यातच अडकते. मग माणूस सैल टोपीत पत्र्याची पट्टी कोंबतो, हातोडी मारतो, खांब हलतो आणि बॅटरीतून अ‍ॅसिड झिरपायला लागतं. मी हे स्वतः दुरुस्त केलंय, एकदा नाही, चार वेगवेगळ्या गाड्यांत. शिवाय बॅटरी फिरवली की केबल पोचत नाही, पोचली तर जिवंत टोक ब्रॅकेटला घासतं. हे सगळं दहा मिनिटांत करणारे असतील, मला जमत नाही.

राहिला तुमचा शेवटचा मुद्दा, जुनी बॅटरी का मेली ते बघा. अहो, लेख बॅटरी बसवण्याचा आहे. बारा व्होल्टच्या गाडीत इंजिन चालू ठेवून रेस दिली आणि टर्मिनलवरचं व्होल्टेज बॅटरीच्या साडेबाराच्या वर गेलं नाही तर डायनमो चार्ज करत नाहीये, एवढं जुनी गाडी सांभाळणाऱ्याला कळतं. त्यावर वेगळा लेख होईल तेव्हा होईल, सगळं एकाच ठिकाणी लिहायचं म्हटलं तर कुणी वाचणार नाही. त्यावरून पैसे पाण्यात वगैरे बोलण्याची गरज नव्हती.

तुमची गाडी दोन वर्षं चालतेय, चांगली गोष्ट आहे, मी खोटं म्हणत नाही. पण गाडी कुठली ते तुम्ही लिहिलेलं नाही. कॉइल जुनीच असेल तर एकदा बॉनेट उघडून सी.बी. लिहिलेल्या टर्मिनलवरची वायर कुठे जाते ते बघा, डिस्ट्रिब्युटरकडे की इग्निशन स्विचकडे. अजून डिस्ट्रिब्युटरकडेच जात असेल तर तुमची कॉइल दोन वर्षं उलटी चालतेय. काय दिसलं ते इथेच कळवा.