नाताळच्या सुट्टीत २१ किलोमीटर

नाताळची सुट्टी लागली आणि पहिल्याच दिवशी कॉलेजमधल्या तिघांनी मला जवळजवळ एकच प्रश्न विचारला: जानेवारीच्या अखेरीस हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटरची शर्यत आहे, सुट्टीचे दहा दिवस हाताशी आहेत, तेवढ्यात तयारी होईल का? तिघांपैकी एकही जण सध्या नियमित धावत नाही. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि ते मी इतक्या ठामपणे देतो, कारण गेल्या वर्षी हाच प्रश्न मी स्वतःला विचारून ‘होईल की’ असे उत्तरही स्वतःच देऊन टाकले होते.

तेव्हा मी आठवड्याला जेमतेम १२ किलोमीटर धावत असे. सुट्टी लागताच सकाळ-संध्याकाळ धावू लागलो, एक दिवसाआड गोव्यातल्या आमच्या फर्मागुडीची चढण चढू लागलो आणि दहा दिवसांत ८० किलोमीटरच्या पुढे गेलो. परीक्षेच्या आदल्या रात्री अख्खे पुस्तक संपवण्याची जी सवय आपल्याला जडलेली असते, तीच मी पायांवर चालवली. आठवडाभरात दम कमी लागू लागला, तेव्हा ही युक्ती साधली असे मला खरोखर वाटले. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या चार बोटे वर, रुपयाच्या नाण्याएवढी जागा अशी दुखू लागली की जिना उतरताना कठडा धरावा लागे. डॉक्टरांनी सहा आठवडे धावणे बंद केले. शर्यतीच्या दिवशी मी पाण्याच्या टेबलामागे उभा राहून पेले भरत होतो.

नंतर वाचले तेव्हा कारण कळले. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सरावतात, परंतु स्नायूबंध आणि हाडे यांना महिने लागतात. हाडावर नवा ताण पडला की शरीर त्यातला जुना भाग आधी पोखरते आणि मग तेथे नवा भरते. या दोहोंमधल्या काळात ते हाड पूर्वीपेक्षा कमजोर असते. म्हणूनच दुखणे पहिल्या आठवड्यात येत नाही, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येते, आणि तोवर आपण स्वतःवर खूश होऊन अंतर आणखी वाढवलेले असते.

या वर्षी मी चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाल्याबरोबर सुरुवात केली. डिसेंबरपर्यंत आठवड्याला २८ किलोमीटरपर्यंत आलो आणि सुट्टीत ते केवळ ३२ केले आहेत. मग सुट्टीचा उपयोग काय, असे कोणी विचारील. माझ्या मते सुट्टीत मिळणारी खरी चैन म्हणजे झोप. एरवी पहाटे धावून आठची बस पकडायची आणि दुपारी प्रयोगशाळेत पेंगायचे, हे चालत नाही. सुट्टीत लांब पल्ला धावून आल्यावर दुपारी दोन तास निवांत झोपता येते.

दुसरी गोष्ट सावकाश धावण्याची, आणि ती मला सर्वांत कठीण गेली. बोलता बोलता धावता आले पाहिजे, धाप लागता कामा नये, हे ऐकायला सोपे आहे; परंतु म्हार्दोळहून मंगेशीकडे जाताना सायकलवरून पाव विकणारा पदेर पोंपों करीत मागून येतो, सहज पुढे निघून जातो आणि जाता जाता विचारतो, “किदें रे, बस चुकली?” त्या क्षणी वेग वाढवण्याचा मोह आवरणे हाच माझा या सुट्टीतला मुख्य व्यायाम आहे. बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळे या धावपटूने २०२० साली दिल्लीत हाफ मॅरेथॉनचे अंतर १ तास ३० सेकंदांत पार केले, म्हणजे किलोमीटरला साधारण २ मिनिटे ५२ सेकंद. मला साडेसात मिनिटे लागतात. या हिशेबाने २ तास ३८ मिनिटे होतात आणि मला ती मान्य आहेत.

आपल्याकडच्या थंडीवरही फारसे विसंबू नये. डिसेंबरात पहाटे वीस-एकवीस अंश असतात खरे, पण हवेतल्या दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि घाम वाळल्याशिवाय अंग निवत नाही. या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणून मी साडेपाचला विजेरी घेऊन निघतो. (कुत्री हा स्वतंत्र विषय आहे, थांबून चालू लागावे, पळू नये, एवढेच सांगतो.) लांब पल्ल्यासाठी पणजी ते रायबंदर हा सतराव्या शतकातला पोर्तुगीज बांध मला आवडतो. तो सुमारे तीन किलोमीटर सपाट आहे. मात्र उजाडल्यावर तेथे वाहने सुरू होतात आणि या दिवसांत पर्यटकांच्या भाड्याच्या गाड्याही भरपूर असतात, तेव्हा वाहने समोरून येतात ती बाजू धरावी.

परतल्यावर मी उकड्या तांदळाची पेज घेतो, मीठ जरा जास्त घालून, लोणच्याच्या फोडीबरोबर. पाणी, मीठ आणि पिष्ट हे तिन्ही एका वाडग्यात मिळत असताना क्षारांच्या महागड्या पुड्या कशाला आणाव्यात, हे मला समजलेले नाही. शेजारच्या घरून आलेले दोदोल हे नाताळचे गोड मात्र मी धावण्याच्या नावाखाली जरुरीपेक्षा जास्त खाल्ले, हे कबूल करतो.

त्या तिघांना मी १० किलोमीटरच्या गटात नाव द्यायला सांगितले आणि तिथेही लागेल तेव्हा चालायला सांगितले. दोघांनी ऐकले. तिसऱ्याने २१ किलोमीटरचे शुल्क आधीच भरले आहे आणि ते परत मिळत नाही. दोन मिनिटे धावायचे आणि दोन मिनिटे चालायचे, आणि नडगीला बोट लावून दुखले तर त्याच दिवशी शर्यतीचा नाद सोडायचा, या अटीवर तो परवा साडेपाचला माझ्याबरोबर रायबंदरला येणार आहे.